दुर्बिणीने काढलेला तुकडा पुढे कोठे जातो?

(प्रार्थनामंदिराच्या सभागृहात ज्येष्ठ मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढले असून वक्त्या भगिनींनी ते तपासून दिले आहे.)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला विनंती झाली, तेव्हा पुष्कळांना वाटले असेल की मी मधुमेह किंवा रक्तदाब यांवर बोलेन. त्या विषयांवर या सभागृहात बरेच बोलून झाले आहे. आज मी अशा एका डॉक्टरांविषयी बोलणार आहे, ज्यांना आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेले नाही आणि ज्यांनी आपल्यालाही कधी पाहिलेले नाही. तरीही आपल्या पोटातून काढलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यावरून ते आपल्या आजाराचे नाव ठरवितात. त्यांना पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. मराठीत विकृतिशास्त्रज्ञ, आणि येथे हिब्रूत पतोलोग.

मी मुंबईत परिचर्येची पदविका घेतली. आलिया करून या देशात आल्यावर आधी हिब्रू शिकले, मग येथील परवाना मिळविला आणि पुन्हा पांढरा पोशाख अंगावर चढविला. नोकरीची शेवटची एकोणीस वर्षे मी एंडोस्कोपीच्या विभागात काढली. डॉक्टर दुर्बीण घालीत, चिमट्याने तुकडा काढीत, आणि तो तुकडा बाटलीत घालून बाटलीवर नाव लावणे हे माझे काम. अशा हजारो बाटल्या माझ्या हातांखालून गेल्या. त्या कोठे जातात हे मला ठाऊक होते. पण त्यांचे उत्तर परत कोठे येते आणि ते कोण वाचते, याचा विचार मी फार उशिरा केला. तो का करावा लागला, ते शेवटी सांगेन.

दुर्बीण काय पाहते आणि काय पाहत नाही

एंडोस्कोपीची नळी साधारण बोटाएवढ्या जाडीची, लवचीक असते. तिच्या टोकाशी दिवा आणि कॅमेरा असतो, आणि आतून एक बारीक मार्ग असतो, ज्यातून चिमटा किंवा तारेचा फास आत सरकविता येतो. तोंडावाटे घातलेली नळी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग पाहते. गुदद्वारावाटे घातलेली नळी संपूर्ण मोठे आतडे पाहते आणि बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचते.

पडद्यावर डॉक्टरांना आतील अस्तराचा रंग दिसतो, सूज दिसते, व्रण दिसतो, रक्तस्राव दिसतो, पॉलिप म्हणजे मांसाचा कोंब दिसतो. परंतु हे सर्व पृष्ठभागाचे दर्शन होय. लाल झालेले जठर जंतूंमुळे लाल झाले, सांधेदुखीच्या गोळ्यांमुळे झाले, की आणखी कशामुळे, हे रंगावरून नेहमीच सांगता येत नाही. दोन पॉलिप जुळ्या भावंडांसारखे दिसतात. त्यांतील एक आयुष्यभर निरुपद्रवी राहतो आणि दुसरा कर्करोगाच्या वाटेवर निघालेला असतो. कोकणात आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तीळ ढिगात सारखेच दिसतात, दाणा फोडल्याशिवाय आतील कीड कळत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

याच्या उलटही घडते. अस्तर डोळ्यांना अगदी निरोगी दिसते आणि रोग मात्र आत असतो. आपल्या वयाच्या स्त्रियांमध्ये विशेषतः आढळणारा एक विकार आहे. महिनोन्महिने पाण्यासारखे जुलाब होतात, पण मोठे आतडे दुर्बिणीला स्वच्छ दिसते. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला म्हणजे त्यातील दाह उघड होतो. म्हणूनच त्याला सूक्ष्मदर्शी कोलायटिस असे नाव पडले आहे. तेव्हा डॉक्टरांनी "सर्व चांगले दिसते आहे" असे म्हणूनही तुकडे काढले, तर घाबरू नये आणि रागावूही नये. डोळ्यांना जे दिसत नाही, त्याची चौकशी ते करीत असतात.

बाटलीपासून काचपट्टीपर्यंत

चिमट्याने काढलेला तुकडा दोन-तीन मिलिमीटरांचा असतो. तो काढताना वेदना होत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला चिमटा कळत नाही. तुकडा बाहेर येताच तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. शरीरापासून सुटलेली ऊती लगेच कुजू लागते. फॉर्मॅलिन तिला त्या क्षणाच्या स्थितीत धरून ठेवते. द्रव पुरेसा हवा, तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहापट. तुकडा जर कोरडा पडला किंवा साध्या पाण्यात राहिला, तर पुढे कितीही निष्णात पॅथॉलॉजिस्ट असो, त्याला नीट वाचता येत नाही.

बाटलीवर रुग्णाचे नाव, तेऊदात झेहूतचा क्रमांक आणि तुकडा कोठून काढला ती जागा लिहिली जाते. जागा वेगळी तर बाटली वेगळी. उजव्या बाजूच्या आतड्यातील पॉलिप आणि डाव्या बाजूचा पॉलिप एकाच बाटलीत गेले आणि त्यांतील एकात कर्करोग निघाला, तर शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची करायची? आमच्या विभागात एक परिचारिका नाव व क्रमांक मोठ्याने वाची आणि दुसरी पडताळून पाही. नव्या मुलींना हा सोपस्कार वाटे. मी त्यांना म्हणत असे, "अगं, रक्त पुन्हा काढता येते. हा पॉलिप पुन्हा उगवणार नाही. बाटलीवर नाव नसेल तर हा तुकडा अनाथ झाला असे समज."

प्रयोगशाळेत बाटली उघडली की प्रथम तुकडे मोजतात. अर्जावर चार लिहिले असतील तर चारच निघाले पाहिजेत. मग ते प्लास्टिकच्या एका लहान जाळीदार डबीत ठेवतात. रात्रभर यंत्रात ती डबी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जाते, म्हणजे ऊतीतील पाणी निघून जाते. नंतर झायलीनमधून, म्हणजे अल्कोहोल निघून जाते. आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणातून, म्हणजे पाण्याच्या जागी मेण भरते. मेण थिजले की मऊ तुकडा टणक होतो आणि कापण्याजोगा होतो.

हा मेणाचा ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवून त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरील केसाच्या दहाव्या भागाहूनही हा काप पातळ असतो. तो कोमट पाण्यावर तरंगत ठेवतात, सुरकुत्या गेल्या की काचपट्टीवर उचलून घेतात. पण असा काप जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून त्याला रंगवावे लागते. हिमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिकेत वाढणाऱ्या एका झाडाच्या लाकडापासून काढतात. त्याने पेशींची केंद्रके निळीजांभळी होतात. इओसीनने बाकीचा भाग गुलाबी होतो. जगभरातील पॅथॉलॉजिस्ट शंभराहून अधिक वर्षे याच दोन रंगांत रोग वाचीत आले आहेत.

हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच की लोक विचारतात, "रक्ताचा निकाल संध्याकाळी मिळतो, मग याला इतके दिवस का?" कारण यातील प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि ती घाईने उरकता येत नाही. कधी पॅथॉलॉजिस्टला आणखी एखादा विशेष रंग लावून पाहायचा असतो, कधी दुसऱ्या सहकाऱ्याचे मत घ्यायचे असते. उशीर झाला म्हणजे बातमी वाईटच असेल, असे मुळीच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते

पॅथॉलॉजिस्ट काचपट्टी चाळीसपट ते चारशेपट मोठी करून पाहतात. प्रथम दुरून, जसे आपण टेकडीवरून गाव पाहतो: घरांची रांग सरळ आहे का, कोठे पडझड आहे का. मग जवळ जाऊन एकेक पेशी. निरोगी आतड्यात ग्रंथी शेजारी शेजारी शिस्तीने उभ्या असतात, पेशींची केंद्रके तळाशी ओळीने बसलेली असतात. रोग आला की प्रथम ही शिस्त मोडते.

या विद्येचे सामर्थ्य समजण्यासाठी एक सत्यकथा सांगते. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट जठराचे तुकडे तपासीत होते. त्यांना अस्तरावर वाकड्या आकाराचे जंतू दिसले. त्या काळी सर्वांची समजूत अशी की जठरातील तीव्र आम्लात जंतू तगूच शकत नाहीत. वॉरन मात्र पाहत राहिले आणि जेथे हे जंतू तेथे दाह, असे त्यांना पुन्हा पुन्हा आढळले. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. १९८२ साली ते जंतू प्रयोगशाळेत वाढविता आले, आणि १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह होतो हे दाखवून दिले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या घरांत पोटात जळजळ झाली की दोष मिरचीला, चिंचेला किंवा काळजी करण्याच्या स्वभावाला देत. माझी आजी सोलकढी देई आणि "पित्त झाले" म्हणे. पोटाच्या व्रणाने माणसे वर्षानुवर्षे कण्हत. आज त्याच तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला जंतू दिसला तर दहा-चौदा दिवस प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध घेऊन बहुतेकांची त्यातून सुटका होते. हाच जंतू दीर्घकाळ राहिला तर काही जणांत जठराच्या कर्करोगाला कारण होतो, म्हणून तो सापडल्यावर उपचार अर्ध्यावर सोडू नये, आणि तो खरोखर गेला की नाही याची तपासणीही करून घ्यावी.

दुसरे उदाहरण सीलिअॅक विकाराचे. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या तंतूंसारखे सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यातून अन्नरस शोषला जातो. गव्हातील ग्लुटेन ज्यांना सोसत नाही, त्यांच्यात हे अंकुर आखूड होत जाऊन सपाट होतात. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील नात कित्येक वर्षे लोहाच्या गोळ्या खात होती आणि तरी तिचे रक्त वाढत नव्हते. लहान आतड्याच्या तुकड्यांनी कारण सांगितले. येथे एक इशारा देते. तुकडे काढण्यापूर्वी कोणाच्या सल्ल्याने पोळी-पाव सोडू नका. गहू बंद केला की अंकुर पुन्हा वाढू लागतात, आणि मग पॅथॉलॉजिस्टला खरा रोग दिसत नाही. निदान पक्के झाल्यावर मात्र पथ्य कडक. त्या मुलीला मलिद्याची काळजी नाही, कारण तो पोह्यांचा. रोश हशानाला आपण करतो तो गव्हाच्या चिकाचा हलवा मात्र तिला वर्ज्य झाला. तिची आई आता तो चायना ग्रासचा करते.

अर्जावरील दोन ओळी

पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला पाहत नाहीत, म्हणून त्यांना रुग्णाविषयी जे कळते ते बाटलीसोबतच्या अर्जावरून. वय काय, तक्रार काय, औषधे कोणती, दुर्बिणीतून काय दिसले. अर्ज कोरा असेल तर काचपट्टी अर्धीच बोलते.

एकदा प्रयोगशाळेतून आमच्या विभागात दूरध्वनी आला. मी तो घेतला. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी एका रुग्णाचा क्रमांक सांगून विचारले, "या गृहस्थांचा जन्म कोठला?" मी नोंद पाहून म्हणाले, "होदू." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे अर्जावर असायला हवे होते."

त्यांनी असे का विचारले? त्या गृहस्थांच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी व्रण होते. तुकड्यांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींच्या गाठी, दिसत होत्या. या देशात असे चित्र दिसले की प्रथम क्रोन्स विकाराची आठवण होते. परंतु भारतात त्याच जागी, तशाच व्रणांसह, आतड्याचा क्षयरोगही होतो. दोन्हींतील भेद ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. क्षयाच्या गाठी बहुधा मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मधोमध सडलेल्या असतात. क्रोन्सच्या लहान आणि विरळ. पण प्रत्येक वेळी चित्र इतके स्पष्ट नसते. आणि उपचार तर परस्परांच्या विरुद्ध. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. क्षयाच्या रुग्णाला तीच दिली तर आग आटोक्यात येण्याऐवजी भडकते. बाईंनी क्षयजंतूंसाठी विशेष रंग लावला, आणखी चाचण्या मागविल्या, आणि त्या गृहस्थांना योग्य औषध मिळाले. "होदू" या एका शब्दाने त्यांच्या तपासाची दिशा वळली.

तेव्हा आपल्यापैकी जे भारतात जन्मले किंवा तेथे दीर्घकाळ राहून आले, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लहानपणी घरात कोणाला क्षय झाला होता का, हेही सांगावे. आपल्या जुन्या लोकांना तो आजार लपविण्याची सवय होती. आता लपविण्यात नुकसान आहे.

अहवालातील शब्द

मोठ्या आतड्यातील पॉलिपांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या वयात हाच अहवाल सर्वाधिक हाती येतो. बहुतेक पॉलिप कधीच कर्करोग होत नाहीत. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग मात्र पॉलिपांतूनच उगवतात, आणि त्याला साधारणपणे दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. एवढा अवधी परमेश्वराने आपल्याला दिलेला आहे. तो वापरायचा की दवडायचा, हे आपल्यावर आहे.

अहवाल हिब्रूत येतो. त्यातील मोजके शब्द ओळखता आले तरी पुष्कळ झाले. "ताकीन" म्हणजे सर्वसामान्य. "शफीर" म्हणजे सौम्य, कर्करोग नव्हे. "ममईर" म्हणजे कर्करोगाचा. "अदेनोमा" हा सौम्यच पॉलिप, परंतु पुढे बिघडू शकेल असा. म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. "डिस्प्लाझिया" म्हणजे पेशींची बिघडलेली ठेवण. तिच्यापुढे "दर्गा" हा शब्द येतो. आपल्या कोकणातील दर्ग्याशी त्याचा काही संबंध नाही. हिब्रूत त्याचा अर्थ पायरी. "नेमुखा" म्हणजे खालची पायरी, "ग्वोहा" म्हणजे वरची. वरच्या पायरीवरील पेशी कर्करोगाच्या उंबरठ्यावर असतात, पण उंबरठा ओलांडलेला नसतो. पेशी अस्तराखालील बारीक स्नायूचा थर भेदून खाली उतरल्या, तरच पॅथॉलॉजिस्ट मोठ्या आतड्यात कर्करोग असे लिहितात. तो थर भेदला आहे किंवा नाही, हे सांगणे त्यांचे सर्वांत जोखमीचे काम होय.

आणखी एक शब्द "शूलायिम", म्हणजे कडा. कापलेल्या पॉलिपच्या कडेपर्यंत बिघडलेल्या पेशी पोहोचल्या आहेत का? "नेकियिम", म्हणजे स्वच्छ, असे लिहिले असेल तर उत्तम. परंतु मोठा पॉलिप अखंड निघत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. अशा वेळी कोणती कड खरी आणि कोणती मधली, हे पॅथॉलॉजिस्टला कळू शकत नाही. मग ते प्रामाणिकपणे लिहितात की कडांविषयी मत देता येत नाही. हे वाक्य वाचायला निरुपद्रवी वाटते. त्याचा अर्थ असा की ती जागा पुन्हा जाऊन पाहा, बहुधा सहा महिन्यांच्या आत.

दादांची पेटी

आता मी प्रारंभी जे सांगेन म्हटले होते, ते सांगते.

माझे थोरले बंधू, आम्ही सर्व त्यांना दादा म्हणत असू. ते दुसऱ्या शहरात राहत. त्यांची मोठ्या आतड्याची तपासणी झाली, एक मोठा पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढण्यात आला. भुलीच्या औषधाची गुंगी पुरती उतरलेली नसताना कोणीतरी त्यांना म्हणाले, "हकोल बेसेदर." सर्व ठीक आहे. दादांनी संध्याकाळी मला दूरध्वनी केला. म्हणाले, "काढून टाकला गं, सगळे ठीक आहे." मी म्हणाले, "बारुख हशेम." आणि दोघांनी फोन ठेवला. तुकड्याचा अहवाल आला की मला वाचून दाखवा, एवढे एक वाक्य मी म्हणाले नाही. परक्यांच्या हजारो बाटल्यांवर मी काळजीपूर्वक नावे लावली. माझ्या स्वतःच्या भावाच्या बाटलीची चौकशी केली नाही.

चार वर्षांनी त्यांना रक्त पडू लागले. त्याच जागी कर्करोग होता. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. ते बावीस महिने जगले.

शिवाचे सात दिवस संपल्यावर वहिनींनी त्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. तीत केतुबा होता, आलियाचे कागद होते, आमच्या आईचे एक छायाचित्र होते आणि इस्पितळाचे एक पाकीट होते. ते फोडलेले होते. दादांना हिब्रू बोलता येत असे, वाचता मात्र जेमतेम येई, आणि वैद्यकाची हिब्रू तर मुळीच नाही. बरे झालो असे सांगितले आहे, मग हा कागद जपून ठेवण्याचा, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी तो चांगला जपून ठेवला होता.

मी तो वाचला. अदेनोमा. डिस्प्लाझिया, दर्गा ग्वोहा. भेदन आढळले नाही. कडांविषयी मत देता येत नाही. आणि खाली विभागाची सूचना: सहा महिन्यांत पुन्हा तपासणी.

पॅथॉलॉजिस्टने आपले काम केले होते. न पाहिलेल्या एका माणसासाठी त्यांनी काचपट्टीसमोर बसून नेमके आणि खरे लिहिले होते. सहा महिन्यांत ती जागा कोणी पाहिली असती, तर दादा आज येथे पहिल्या रांगेत बसलेले असते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्यांना ती संधी होती आणि ती पेटीत पडून राहिली. इस्पितळाने पुन्हा बोलाविले नाही, हा दोष त्यांचा. मी विचारले नाही, हा माझा. तो सांगताना मला आजही जड जाते, परंतु तो सांगितल्याने एखाद्या घरातील पेटी उघडली जाणार असेल, तर सांगितलाच पाहिजे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट. तपासणी संपल्यावर विचारा, "तुकडे काढले का? किती, आणि कोठून?" आपण गुंगीत असतो, म्हणून सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने विचारावे आणि लिहून घ्यावे.

दुसरी. अहवाल कधी येईल आणि कोणाकडे येईल, हे विचारून दिनदर्शिकेत तारीख टाका. तारीख उलटली तर आपल्या कुपात होलिममध्ये स्वतः चौकशी करा. काही कळविले नाही म्हणजे सर्व चांगले, असे समजू नका.

तिसरी. दुर्बिणीचा अहवाल आणि तुकड्याचा अहवाल हे दोन स्वतंत्र कागद आहेत. पहिला त्याच दिवशी हाती पडतो आणि लोक तोच अंतिम मानतात. खरे उत्तर पुष्कळदा दुसऱ्यात असते. दोन्ही घेऊन आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "पुढची तपासणी कधी?" उत्तर तीन महिने असो, तीन वर्षे असो वा गरज नाही असे असो, ते कागदावर लिहून घ्या. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. ती मागण्यात संकोच नको.

चौथी. अहवालाविषयी शंका असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेता येते. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागतेच असे नाही. कोणी मला विचारतात की देहाचा तो अंश असा ठेवणे धर्माला मान्य आहे का. त्याचे उत्तर रब्बींनी द्यावे, मी नव्हे. जीव वाचविण्याला आपल्या धर्मात केवढे स्थान आहे, ते मात्र आपण सर्व जाणता.

पाचवी. ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांच्यासाठी. माझ्या नोकरीच्या काळात पन्नास ते चौऱ्याहत्तर वर्षे वयाच्या प्रत्येकास दरवर्षी "दाम समूई", म्हणजे शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी विनामूल्य मिळत असे. तिचे पाकीट घरी आले की आपली मंडळी ते कपाटावर ठेवून देत, लाजेने किंवा आळसाने. ती लाज सोडा. आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आहे, त्यांनी एवढ्यावर न थांबता डॉक्टरांशी कोलोनोस्कोपीविषयी लवकर बोलावे. दादांच्या नंतर मी माझी करून घेतली. दोन लहान पॉलिप निघाले. अहवाल माझ्या मुलाने मला वाचून दाखविला, जरी तो मला वाचता येत होता. आमच्या घरात आता तसा नियमच आहे.

लाजेवरून आठवले. देहधर्म उरकल्यावर आपण अशेर यात्सारची प्रार्थना म्हणतो. लहानपणी मला तिचे हसू येई. देहातील मार्ग आणि पोकळ्या यांपैकी एकही अवेळी उघडली किंवा बंद झाली तर मनुष्य उभा राहू शकणार नाही, असा तिचा भाव आहे. त्या मार्गांना दुर्बिणीतून पाहण्यात माझी एकोणीस वर्षे गेली, आणि आता ती प्रार्थना म्हणताना मला हसू येत नाही. आपल्या पूर्वजांनी ज्या गोष्टीबद्दल दररोज देवाचे आभार मानले, तिच्याविषयी आपल्या मुलांशी बोलायला आपण लाजू नये.

आज घरी गेल्यावर आपापली पेटी, कपाट किंवा खण उघडा. इस्पितळाचे एखादे पाकीट असेल तर ते मुलांना वाचायला द्या. ज्यांच्याकडे हिब्रू वाचणारे कोणी नाही, त्यांनी ते माझ्याकडे आणावे. दर बुधवारी सायंकाळी मी येथे सभागृहात बसते. चष्मा माझ्याजवळ आहे, आणि वेळही आहे.

परमेश्वर आपणा सर्वांस रफुआ शलेमा आणि दीर्घायुष्य देवो. आमेन.